वाचकांचे प्रश्न : छोटे कॅबिनेट, लिक्विड कूलर आणि सोलापूरचा मे महिना

परीक्षा संपून सुट्या लागल्या, की या सदराच्या टपालात गेमिंग संगणकांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी निवडलेली पाचही पत्रे सोलापुरातली आहेत आणि पाण्याशी कुठे ना कुठे संबंधित आहेत.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुटीत घरी येताना संगणक सोबत आणता यावा, म्हणून लियान-लीच्या ए४-एच२ओ या ११ लिटरच्या कॅबिनेटमध्ये गेमिंग संगणक स्वतःच असेंबल करण्याचा विचार आहे. प्रोसेसरसाठी २४० मिमीचा लिक्विड कूलर घे, म्हणजे मशीन बर्फासारखे थंड राहील, असे मित्र सांगतात. वडील म्हणतात, "गावात पाणी चार दिवसांआड येते आणि हे चिरंजीव कॉम्प्युटरला पाणी पाजणार!" उन्हाळ्यात सोलापुरात असा संगणक नीट चालेल का? जोडताना काय सांभाळावे?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : वडिलांच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. 'एआयओ' या नावाने मिळणारा लिक्विड कूलर कारखान्यातच भरून बंद केलेला असतो. त्यातला द्रव तांब्याभरही नसतो आणि तो पुन्हा भरावा लागत नाही, त्यामुळे नळाला पाणी येण्याच्या वेळापत्रकाशी तुमच्या संगणकाला काही देणेघेणे नाही. तुमच्या मित्रांचे म्हणणे मात्र तपासून घ्यायला हवे.

पाणी म्हटले की आपल्या मनात माठ येतो. माठातले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा गार होते, कारण ते मातीतून पाझरून बाहेरच्या अंगावर वाळत असते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. कूलरमधला द्रव कुठेच वाळत नाही. प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या पट्टीतून तो उष्णता उचलतो, नळ्यांवाटे रेडिएटरपर्यंत, म्हणजे दाट पातळ पात्यांच्या चौकटीपर्यंत नेतो, पंख्याच्या वाऱ्याच्या हवाली करतो आणि परत फिरतो. त्याचे काम हमालाचे आहे, आणि हमाल म्हणून पाण्याला तोड नाही, कारण तेवढ्याच घनफळाच्या हवेपेक्षा ते सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहते. पण ओझे जिथे उतरवायचे ती खोलीच ४० अंशांवर असेल, तर द्रव ४० अंशांखाली जाणार नाही. खेळ रंगात असताना तो त्याहून दहा-पंधरा अंश वर राहतो आणि प्रोसेसर त्याच्याही वर आणखी पंचवीस-तीस अंश. हा हिशेब ७५-८५ अंशांपर्यंत जातो. एएमडी कंपनीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंशांची असल्याने प्रोसेसर हे सोसतो. मर्यादा आधी गाठली जाते ती द्रवाची, कारण कूलर बनवणारे बहुधा त्याचे तापमान ६० अंशांच्या आत ठेवायला सांगतात. म्हणून सोलापुरात असे मशीन वापरणाऱ्याने प्रोसेसरच्या आकड्याइतकेच द्रवाच्या आकड्याकडेही लक्ष द्यावे, आणि तो आकडा दाखवणारा कूलर मिळत असेल तर थोडे पैसे जास्त मोजावेत.

मग अशा कॅबिनेटमध्ये लिक्विड कूलर घ्यायचाच कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण जागेचे आहे. तुम्ही निवडलेल्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून उभे असतात, आणि प्रोसेसरच्या डोक्यावर जेमतेम साडेपाच सेंटीमीटर जागा उरते. तेवढ्यात बसणारा हवेचा कूलर पोळीसारखा चपटा असतो आणि आतलीच तापलेली हवा घुसळत राहतो. लिक्विड कूलर तीच उष्णता कॅबिनेटच्या छतापर्यंत नेतो, आणि तिथे दोन पूर्ण आकाराच्या पंख्यांना मोकळी हवा मिळते. ही सोय पाण्याच्या थंडपणापेक्षा पाण्याच्या वाहण्यामुळे मिळते, हे नीट लक्षात ठेवा. कूलर मास्टरच्या एनआर२००सारखे १८ लिटरचे कॅबिनेट घेतले, तर तिथे पंधरा सेंटीमीटर उंचीचा हवेचा कूलर उभा राहतो. तो स्वस्त असतो, त्याला पंप नसतो, आणि पंखा बिघडला तर संध्याकाळपर्यंत दुसरा आणून लावता येतो. ११ लिटरचा हट्ट नसेल, तर मी तेच सुचवेन. पण रेल्वेतून ने-आण करायची असल्याने तुमचा हट्ट मला समजतो. हुतात्मा एक्स्प्रेसच्या सामानाच्या फळीवर १८ लिटरचे खोके चढवताना काय होते, ते मी अनुभवले आहे.

आता जे तुमच्या मित्रांनी सांगितलेले दिसत नाही, ते सांगतो. खेळताना सर्वांत जास्त उष्णता प्रोसेसर सोडतच नाही, ती ग्राफिक्स कार्ड सोडते, आणि तुमचा लिक्विड कूलर त्या कार्डाला स्पर्शही करत नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०७० या कार्डाचा अधिकृत वीजवापर २०० वॉट आहे, तर ५०७०चा २५०. शेजारी रायझन ५ ७६०० बसवला, तर तो खेळताना साठ-सत्तर वॉटच्या आसपास राहतो आणि पूर्ण ताणातही त्याची कमाल मर्यादा ८८ वॉट आहे. त्याचाच भाऊ ७६००एक्स याला तेच सहा कोअर आहेत, पण तो १४२ वॉटपर्यंत जाऊ शकतो, आणि खेळातला फरक डोळ्यांना जाणवण्यासारखा नसतो. म्हणून आधी वॉट ठरवा, मग कॅबिनेट, आणि कूलरचा विचार शेवटी. माझी निवड विचाराल तर ७६०० आणि २०० वॉटच्या आतले कार्ड. कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीजवापराची मर्यादा, आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून ८० टक्क्यांवर आणून पाहा. फ्रेम थोड्याच कमी होतील, पण कॅबिनेटच्या जाळीवर हात धरला तर फरक लगेच कळेल.

कॅबिनेटबाहेरची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. तुमची खोली वरच्या मजल्यावर असेल, तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्यात संगणकाचे तीनशे वॉट मिळतात. ही उष्णता पाण्याने नेली काय किंवा हवेने, शेवटी ती त्याच खोलीत उतरते. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असल्याने खिडकीतला वाळ्याचा कूलर येथे चांगला चालतो आणि खोली आठ-दहा अंशांनी सहज खाली येते. तेवढेच अंश तुमच्या द्रवातूनही उतरतात. कूलरच्या दमट हवेने आत दव जमेल अशी भीती पुष्कळांना वाटते, पण दव भोवतालच्या हवेपेक्षा गार वस्तूवर जमते आणि चालू संगणकातली प्रत्येक वस्तू हवेपेक्षा गरमच असते. फक्त कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका, कारण त्यातून उडणारे बारीक थेंब क्षारांसह आत जातात.

जोडणीविषयी मोजकेच सांगतो. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्सच हवा, म्हणजे १७० बाय १७० मिमीचा. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, छोट्या एसएफएक्स मापाचा घ्या, कारण नेहमीचा एटीएक्स आत शिरणारच नाही. ४०७०साठी ६५० वॉट पुरेसा आहे. कार्ड रायझर केबलवर, म्हणजे त्याला मदरबोर्डशी जोडणाऱ्या चपट्या केबलवर बसते. रायझर जुन्या, म्हणजे पीसीआयई ३.० पिढीचा असेल आणि पडदा काळा राहिला, तर कार्ड बिघडले असे समजून दुकानात धावू नका. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन तो स्लॉट 'जेन ३'वर बांधून टाका. कार्डाला १६ पिनांची वीजजोड असेल, तर ती खुट्ट होईपर्यंत आत दाबा आणि वायर पहिले ३५ मिमी सरळ ठेवून मगच वळवा. छोट्या कॅबिनेटमध्ये बाजूचा पत्रा लावताना वायर दाबली जाते आणि जोड अर्धवट सुटून तापतो. पत्रा जोर लावल्याशिवाय बसत नसेल, तर जोर लावू नका, वायर बदला.

क्रम चुकला तर काय होते, ते माझ्याच अनुभवावरून सांगतो. पहिल्यांदा असे मशीन जोडले, तेव्हा रेडिएटर बसवला, पंखे आवळले, नळ्या सुबक वळवल्या आणि मग लक्षात आले, की प्रोसेसरच्या विजेची आठ पिनांची वायर लावायचीच राहिली आहे. तो सॉकेट रेडिएटरच्या बरोबर खाली गेला होता. दोन बोटे कशीबशी आत जात होती, तिसरे जात नव्हते. अर्धा तास चिमट्याने खटपट केल्यावर सगळे उतरवावे लागले. तेव्हा एसएसडी आणि ही वायर आधी, रेडिएटर नंतर. शिवाय तांब्याच्या पट्टीवरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद काढायला विसरू नका. तो राहिला तर मशीन सुरू होते, सगळे ठीक भासते, आणि खेळ चालू करताच मिनिटभरात आकडा ९५वर जाऊन चिकटतो.

प्रश्न : आमच्या घराच्या तळमजल्यावर टॉवेलचे यंत्रमाग आहेत आणि मुलाचा संगणक वरच्या खोलीत आहे. गेल्या वर्षी बसवलेला लिक्विड कूलर सहा महिन्यांतच थंड करेनासा झाला. दुकानदार म्हणतात पंप गेला, नवा घ्या. बाहेरून तर कूलर स्वच्छ दिसतो.
— एक कारखानदार, पूर्व भाग

उत्तर : नवा घेण्यापूर्वी दहा मिनिटे खर्च करा. मशीन चालू करून मुलाला अर्धा तास खेळू द्या आणि मग दोन्ही नळ्यांना व रेडिएटरला हात लावून पाहा. पंप खरोखर बंद पडला असेल, तर उष्णता प्रोसेसरजवळच कोंडते. तिथले टोक चटका देईल आणि रेडिएटर जवळजवळ गार लागेल. दोन्ही नळ्या आणि रेडिएटर सगळेच सारखे गरम असेल, तर पंप आपले काम करतो आहे आणि अडचण वाऱ्याची आहे. मला दुसरी शक्यता जास्त दिसते.

टॉवेलच्या सुतातून उडणारे तंतू साध्या धुळीसारखे वागत नाहीत. धूळ पात्यांवर बसते आणि फुंकली तर उडते. तंतू मात्र पंख्यातून पार जातात, रेडिएटरच्या दाट पात्यांवर अडकतात, एकमेकांत गुंततात, आणि पंखा व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत त्यांचा नमदा तयार होतो. हा थर बाहेरून दिसत नाही, म्हणून तुम्हाला कूलर स्वच्छ वाटतो. पंख्याचे चार स्क्रू काढून पंखा उचला. अशाच एका घरातला कूलर मी उघडला, तेव्हा तो थर पापडासारखा अखंड सुटून हातात आला. मागून प्रकाश धरला, तर त्यातून काहीच दिसत नव्हते. थर हाताने काढा, उरलेले मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेनेच झाडा आणि मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

पुन्हा जोडताना एक बदल करा. पंखे रेडिएटरच्या आतल्या बाजूला लावा आणि बाहेरची हवा रेडिएटरमधून ओढून आत घेतील असे फिरवा. मग तंतू रेडिएटरच्या बाहेरच्या अंगावर जमतील आणि स्क्रू न काढता दर रविवारी ब्रशने झाडता येतील. त्यावर चुंबकपट्टीची नायलॉन जाळी लावली तर आणखी बरे. जाळी धुऊन पूर्ण वाळवूनच लावावी. माग घरातच आहेत म्हटल्यावर ही साफसफाई मागाला तेल देण्यासारखीच नेमाने करावी लागेल.

प्रश्न : मुलाने स्वतः जोडलेल्या संगणकातून रात्री गुळगुळ आवाज येतो, जणू कोणी तांब्याने पाणी पीत आहे. तो म्हणतो काही होत नाही. मला मात्र पाणी गळून शॉक बसेल याची धास्ती वाटते.
— एक गृहिणी, होटगी रोड

उत्तर : आवाज गळतीचा नाही, आतल्या हवेचा आहे. अशा प्रत्येक कूलरमध्ये थोडी हवा राहतेच, आणि नळ्यांच्या भिंतीतून वर्षानुवर्षे अतिशय सावकाश पाणी उडत असल्याने ती किंचित वाढते. हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरची असेल तर तिचा त्रास होत नाही. पंपच सर्वांत उंच बसवला असेल, तर हवा पंपात शिरते, गुळगुळ होते आणि काही महिन्यांत पंप झिजतो. म्हणून चिरंजीवांना एवढेच विचारा, की रेडिएटरचा वरचा काठ पंपापेक्षा उंच आहे ना. नसेल तर रेडिएटर छताला बसवावा. समोर उभा बसवला असेल, तर त्याच्या नळ्या खालच्या बाजूने बाहेर याव्यात. जागा बरोबर असूनही आवाज येत असेल, तर मशीन चालू ठेवून कॅबिनेट दोन्ही हातांनी थोडे पुढे-मागे कलवावे, म्हणजे बुडबुडा वर सरकतो.

शॉकविषयी म्हणाल, तर मदरबोर्डवर १२ व्होल्टच्या वर काही नसते, आणि २३० व्होल्ट एसएमपीएसच्या बंद डब्यात असतात. गळती झालीच तर नुकसान संगणकाचे होईल. नळीच्या जोडाशी बोट फिरवून ते चिकट किंवा ओले लागते का, हे महिन्यातून एकदा पाहत जावे.

प्रश्न : बंद कूलरऐवजी पंप, टाकी, नळ्या वेगवेगळ्या घेऊन स्वतःचा लूप बनवायचा आहे. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा वॉटर ब्लॉक आणला आहे. रेडिएटर म्हणून भंगारातून मिळालेला मोटारसायकलचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर वापरू का? आणि पाणी कोणते भरू, आरओचे की इन्व्हर्टरच्या बॅटरीचे?
— एक आयटीआय प्रशिक्षणार्थी, विडी घरकुल

उत्तर : रेडिएटर वापरू नका. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्याने जोडले, की त्यांची बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. आधी पाणी गढूळते, मग पांढरट गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत अडकतो, आणि शेवटी रेडिएटरला टाचणीएवढे भोक पडते. बाजारातल्या बंद कूलरमध्येही पट्टी तांब्याची आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो हे खरे, पण तिथे गंज रोखणारी रसायने कारखान्यात मोजून घातलेली असतात आणि आत नवी हवा फारशी शिरत नाही. तुमच्या उघडून भरायच्या लूपमध्ये ती शाश्वती नाही. तांब्याचा किंवा पितळेचा रेडिएटर घ्या आणि त्याची तोंडे जी-एक चतुर्थांश आट्यांची आहेत ना ते पाहा, म्हणजे फिटिंग सहज मिळतील.

पाण्यासाठी संगणकाचे तयार कूलंट सर्वांत निर्धोक. स्वच्छ, बिनरंगी घ्या. दुधाळ रंगाची कूलंट फोटोत सुंदर दिसतात आणि काही महिन्यांत साका धरतात. आरओच्या पाण्यात क्षार उरलेले असतातच, चवीसाठी ते मुद्दाम राखले जातात. बोअरच्या पाण्याने बादलीवर चढणारा पांढरा थर आपण सोलापूरकर रोज पाहतो, त्याचीच ही सौम्य आवृत्ती. बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी चालेल, पण सीलबंद बाटलीतलेच, आणि त्यात गंजरोधक व शेवाळरोधक द्रव घालूनच. सुटे घेऊ नका, कारण ते ज्या नरसाळ्याने ओतले त्यातून आदल्या गिऱ्हाइकाला ॲसिड ओतले नव्हते, याची खात्री कोण देणार?

लूप भरल्यावर मशीन लगेच सुरू करायचे नाही. वेगळ्या एसएमपीएसवर फक्त पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर पसरा आणि चोवीस तास वाट पाहा. कागदावर डाग दिसला, तर तो जोड उघडून रबरी रिंग नीट बसली आहे का ते पाहा. फिटिंग पान्याने करकचून आवळू नका. हाताने घट्ट बसते तेवढेच पुरे, कारण जास्त आवळले की रिंगच कापली जाते. आणि हे सगळे ११-१५ लिटरच्या डब्यात पहिल्याच खेपेला करायला जाऊ नका. हात बसेपर्यंत मोठे कॅबिनेट वापरा.

प्रश्न : नवीन लिक्विड कूलर बसवल्यापासून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, की मुंग्या येतात. पाणी झिरपून करंट उतरला असेल का?
— एक दुकानदार, बाळीवेस

उत्तर : कूलरचा यात दोष नाही, तुमच्या भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा असूनही नसल्यासारखे आहे. प्रत्येक एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल, तर त्यांतून झिरपणारा क्षुल्लक प्रवाह जमिनीत जातो. नसेल, तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतो, टेस्टरचा दिवा मिणमिणतो आणि बोटांना मुंग्या येतात. कूलर बसवताना तुम्ही मशीन कदाचित दुसऱ्या सॉकेटवर हलवले असेल, ते आठवून पाहा. एरवी हा प्रवाह जीवघेणा नसतो, पण उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला, तर वाचवायला दुसरे काही नाही, म्हणून तोवर मशीन बंद ठेवा आणि वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या.

जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा असतो, पण तो कुठे आहे हेच घरातल्यांना ठाऊक नसते. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, खड्ड्यातल्या पट्टीपासून सुटते आणि अर्थिंग निकामी होते. वायरमनकडून तो खड्डा शोधून घ्या, आणि पाऊस सुरू होईपर्यंत नळाला पाणी येईल त्या दिवशी एक बादली तिथे ओतत जा.